दादांच्या शाळेत दादांची पोरगी नव्हती

दादांनी माझ्या बापाला फसवलं. हसनाबादजवळच्या आमच्या गावात दादांची बागायती जमीन, आणि तालुक्यातल्या एका खासगी नर्सिंग स्कूलचे ते संचालक. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा ते स्वतः आमच्या बौद्धवाड्यात आले. आमच्या घरचा चहा प्यायले. तेवढ्यानंच बाप हरखला.

"पोरगी माझ्या शाळेत घाल. फी सरकार भरतं. तुला काही खर्च न्हाई."

त्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या पोरीला, स्वातीला, शहरातल्या सरकारी कॉलेजात घातलं. तिथं आमच्यासाठीही जागा राखीव असतात, हे त्यांना ठाऊक होतं. माझे मार्क स्वातीपेक्षा जास्त होते, हेही ठाऊक होतं. एका शब्दानं बोलले नाहीत.

दादांच्या शाळेला दवाखाना होता. खाटा होत्या, चादरी होत्या. पेशंट नव्हते. तपासणी आली की मुलींना फर्मान सुटायचं, घरची माणसं घेऊन या. दुसऱ्या वर्षी माझी आई आली. धडधाकट बाई. कापूस वेचायचा सोडून आली. तिला खाटेवर झोपवलं. हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं चिकटवली. सुई नव्हतीच. शेजारी मी, गणवेशात.

तपासणीच्या साहेबांनी विचारलं, "काय होतंय यांना?"

"ताप, सर."

साहेब पुढं सरकले. दादा मागं थांबले, हसले. "बराबर झोपली ग तुझी माय. काम बुडवून झोपायला तुमच्या लोकांना काय लागतं?"

आईनं डोळे उघडले नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाली, "खरे पेशंट कधी येतेत ग तुमच्याकडं?"

आलेच नाहीत. मी रबरी हातावर सुया टोचत जीएनएमचा कोर्स संपवून नर्स झाले.

मग जालन्यातला खासगी दवाखाना. त्याच वॉर्डात स्वाती. पहिल्याच आठवड्यात बदनापूरचे एक म्हातारे आले. मला त्यांची शीर सापडेना. हातावर काळंनिळं झालं. त्यांचा मुलगा ओरडायला लागला. इन्चार्ज सिस्टर धावत आल्या.

"कुठल्या शाळेची ग तू?"

मी नाव सांगितलं.

"अच्छा. सोंगाड्या पेशंटांची."

अख्खा वॉर्ड हसला. स्वाती हसली नाही. तिनं म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, यंदा तूर कशी आहे विचारलं, आणि ते सांगेपर्यंत सुई आत गेली होती. मला म्हणाली, "असू दे ग. होतं असं."

हसली असती तर मी सोसलं असतं.

मला तिचा हेवा वाटतो. अजून वाटतो. तिच्या हाताचा वाटतो. तो हात काही ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. तिला खऱ्या वॉर्डात, खऱ्या दुखणाऱ्या माणसांजवळ उभं केलं, म्हणून तो तयार झाला. तो माझाही झाला असता.

मी रडले नाही, सौदा केला. इन्चार्ज सिस्टरला सांगितलं, दिवाळीची ड्युटी माझी, रविवारची माझी. बदल्यात अवघड शिरा मला द्यायच्या. घासाघीस झाली. मी हटले नाही. आता माझा हात चुकत नाही. पण आयसीयूत जागा निघाली तेव्हा नाव स्वातीचं लागलं. "तिचं कॉलेज चांगलं," एवढंच कारण.

या उन्हाळ्यात दादा पुन्हा वाड्यात आले. मी सुट्टीवर होते. पोरी आणि त्यांच्या आया जमल्या होत्या.

"ही बघा, आमच्याच शाळेची. जालन्याला मोठ्या दवाखान्यात लागली. सांग ग यांना."

"सांगते. आधी तुम्ही सांगा दादा, स्वाती कोणत्या शाळेची?"

"तिचं येगळं हाय."

"काय येगळं हाय?"

बापानं माझा दंड धरला. "गप बस, माय."

दादा उठले. "आम्हीच शिकवलं, आन् आता आम्हालाच जाब इचारून राह्यली का?"

"हो. इचारून राह्यले."

दादा गाडीकडं गेले. तरी दोन पोरी प्रवेश घ्यायला त्यांच्या गाडीत बसल्या. माझी चुलतबहीण बसली नाही. तिला घेऊन मी शहरात गेले, सरकारी कॉलेजाचा फॉर्म भरला. पुढच्या वर्षी निकालाच्या दिवशी मी दादांच्या आधी वाड्यात हजर असेन. दर वर्षी असेन.

पण तेवढ्यानं माझा हिशेब मिटत नाही. दादा, तुमची शाळा चांगली होती, तर तुमची पोरगी तिथं का नव्हती? आणि चांगली नव्हती, तर मला का घातलं? गाडीत बसून निघून जाऊ नका. खाली उतरा, आणि माझ्या आईसमोर उत्तर द्या.