पडदा सुटलाय

गेनबा पेंटर विहिरीत सापडल्याचं मला शाळेत कळलं. नसरापूरहून आलेला एसटीचा कंडक्टर वर्गाच्या दारातूनच म्हणाला, "गुर्जी, तुमचा गेनबा गेला." मुलं पाढे म्हणत राहिली...

आमच्या शिवऱ्याच्या आसपास जत्रेला नाटकं होत आणि त्यांचे पडदे गेनबा रंगवी. उजवा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर त्यानं राजवाडे उभारले, बागा फुलवल्या. स्वतःच्या स्वयंपाकघराला मात्र गोणपाट. मी चिडवलं की म्हणे, "ह्यो आमचा खासगी पडदा. ह्येला रंग लागत न्हाई."

माघातल्या एका सकाळी त्यानं ब्रश खाली ठेवला. "गुर्जी, डाव्या अंगानं काळा पडदा सरकत येतोय. डोळा पुसला तरी जात न्हाई." मला थट्टाच वाटली. दुसऱ्या दिवशी तो काळोख आणखी आत आला होता, तेव्हा मी त्याला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "डोळ्याचा पडदा सुटलाय. आजच दाखल व्हा, नाहीतर दृष्टी जाईल." गेनबा हसला. "जल्म गेला पडदे बांधन्यात, डाक्टर. जत्रा झाली की ह्योबी बांधून घेऊ." डॉक्टर हसले नाहीत.

जत्रा आठ दिवसांवर होती. नाटक मी लिहिलेलं, माझं पहिलंच; आणि जंगलाचा पडदा अर्धा राहिला होता. परतताना एसटीत तो म्हणाला, "घरी बोलू नका. ती रडंल, आन् काम ऱ्हाईल." मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

चार दिवसांनी जंगल पुरं झालं. डावीकडची झाडं त्यानं एकमेकांवरच काढली होती. मला ते दिसलं, तरी मी "झकास!" म्हणालो. तो खूश होऊन ऊन असतानाच घरी निघाला. वाटेवरची बिनकठड्याची विहीर डाव्या हाताला आहे. नाटक झालंच नाही.

दहाव्याला वहिनींनी, गेनबाच्या बायकोनं, विचारलं, "रोजची वाट वो, गुर्जी. पाय कसा चुकला ह्यांचा?"

"अंधार पडला असेल."

"न्हाई वो. दिस होता..."

या प्रकरणावर आता पडदा टाका, असं शेजारी म्हणाले, आणि दीड महिना मी तेच केलं.

वहिनींना वाचता येत नाही. रविवारची पुरवणी त्यांची मुलगी ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवते. या रविवारी मी तिथं जाऊन बसणार आहे. ती पुरवणीतलं हे शेवटपर्यंत वाचेल, तोवर उठणार नाही.