आलो बरं का

आधीच सांगतो, भूतबित मानणाऱ्यातला मी नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की मला हसू यायचं. पण हे माझ्याच टेबलावर, भर दुपारी घडलं... म्हणून लिहितोय.

मी हिंगोलीत एका सोयाबीन खरेदी कंपनीचं कॉम्प्युटर आणि फोनचं काम बघतो. रोज सकाळी जवळा बाजार, गोरेगाव, कनेरगाव नाका अशी सगळी सेंटरं भाव ठरवायला एकाच लाइनवर येतात. जुन्या सिस्टिममध्ये प्रत्येकानं आपलं नाव एकदा रेकॉर्ड करायचं – लाइनवर येताना आणि जाताना तेच वाजायचं. कनेरगावच्या दिनकरभाऊंनी नावाऐवजी "आलो बरं का" असं ठोकून दिलं. त्यामुळे फोन ठेवतानाही "आलो बरं का" वाजायचं आणि आम्ही रोज हसायचो.

मागच्या वर्षी वाशीम रोडवर अपघातात भाऊ गेले. मोबाइलचाही चुराडा झाला. कंपनीनं त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला, शोभाताईंना घेतलं. नवीन सिस्टिम येणार कळल्यावर ताईंचा फोन आला.

"सर, बाकी काही राहो न राहो, ह्यांचा तेवढा आवाज ठेवा. माह्याजवळ दुसरा न्हाई."

"काळजीच करू नका ताई," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

आणि नेमकी तीच फाइल रिकामी आली. नंबर आले, यादी आली, बाकी सगळ्यांचे आवाज आले. पुन्हा करायला गेलो तर जुनी डिस्कच बसली. डोकं फिरलं माझं, जेवण गेलं नाही.

सांगणं तर भाग होतं. नव्या लाइनवर ताईंना घेतलं. स्क्रीनवर दोनच नावं – त्यांचं आणि माझं. "ताई, तो आवाज काही..." एवढंच बोललो असेन, मध्येच भाऊ बोलले. अगदी स्वच्छ.

"येतो बरं का."

आलो नाही... येतो. हे त्यांनी कधी रेकॉर्डच केलं नव्हतं. स्क्रीनवर अजूनही दोनच नावं होती.

ताई म्हणाल्या, "त्या दिवशी कोणाशी तरी फोनवर बोलतच निघाले होते. मला येतो म्हणलेच न्हाईत."

मला वाटलं, चला, निरोप तरी झाला. म्हणालो, "राहिलं होतं ताई, ते म्हणून गेले."

"गेले काहून म्हणता सर? येतो म्हणले ना."

निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आपण सगळेच घरात शिकलोय.

इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, क्रॉस कनेक्शन असेल. कुठलं क्रॉस कनेक्शन, ते त्यालाही सांगता आलं नाही. मला तर आजही काही कळलेलं नाही.

आता रोज सकाळी मी विचारतो, "सगळे आले का?" बाकीचे हो म्हणतात. ताई म्हणतात, "न्हाई सर, येऊन राहिलेत." कोणी हसत नाही. मी थोडा वेळ लाइन तशीच उघडी ठेवतो... आणि कोणी येऊ नये, असं मनातल्या मनात म्हणत बसतो.