फ्लॅश धरणारी

माझी धाकटी जाऊ आणि तिचा नवरा यांचं एक भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. ती म्हणत होती, "अहो, कधीतरी माझाही एक फोटो काढा की."

"आणि फ्लॅश कोण धरणार? तुझा बाप?"

"तो गेला. पण त्याचा फोटो तरी आहे."

दीर फोटोग्राफर, पण कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. त्याच्यावर मोठा फ्लॅश बसवायला जागाच नव्हती. म्हणून कॅमेरा चमकला की तो पाहून आपोआप चमकणारा वेगळा फ्लॅश आणला. तो उंच धरून जाऊ बाजूला उभी राहायची, हात भरून येईपर्यंत. लाल डोळे टाळायचं बटण दीर बंद करायला विसरायचा. मग कॅमेरा आधी उगाच एकदा लुकलुकायचा, हातातला फ्लॅश तेव्हाच चमकून रिकामा व्हायचा आणि फोटो काळा यायचा. बोलणी मात्र हिला, "हात हलवलास."

ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो सापडेना. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून घेतला, तोही कचेरीतल्या कारकुनाने काढलेला. पुढच्याच महिन्यात दिराने फ्लॅशसाठी स्टँड आणला. म्हणाला, "वहिनी, हा आधीच आणायला हवा होता."

त्या शेवटच्या सकाळी छातीत दुखत असतानाही ती कोपऱ्यावरून चार सेल घेऊन आली. ते फ्लॅशमध्ये घातले, तो भिंतीकडे धरून एकदा चमकवून पाहिला आणि नेहमीसारखा नवऱ्याच्या पिशवीत ठेवला.