जवसाची चटणी आणि आमचे साडू

परभणी जिल्ह्यात माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हातातली पिशवी बघणारा एकच गृहस्थ आहे आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. रस्त्यात भेटले तर 'कसे आहात, कुठे निघालात' सगळं राहिलं बाजूला, तुमच्या हातातली पिशवी दोन बोटांत धरतील, तिच्यावर अंगठा घासतील, कानाशी नेऊन चुरगाळतील आणि मग म्हणतील, "मेथी हाय ना? मग कशाला गुदमरवायलात तिला हिच्यात?" मेथी आपली, पैसे आपले, पिशवी आपली, पण भर रस्त्यात आपणच आरोपी होऊन उभे. मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढली, मोठमोठ्या साहेबांपुढे कधी दबकलो नाही. पण साडूंचा बंगला दिसायला लागला की हातातली पिशवी मी आजही शर्टाच्या आत सारतो. बायको म्हणते, लोक बघतात. बघू देत, लोकांना साडूंचं व्याख्यान ऐकावं लागत नाही.

बरं, एवढा राग असावा तर माणसाने दुसरा धंदा करावा. ह्यांचं परभणीच्या बाजारात दुकान आहे ते पिशव्या, पाकिटं, डबे आणि बरण्यांचंच. बाकीचे दुकानदार गिऱ्हाईक आलं की खूश होतात, हे उलटतपासणी सुरू करतात. 'अर्ध्या किलोच्या पिशव्या द्या' म्हटलं की, "काय भरायलात?" मग माल ओला का कोरडा, तेल सोडतो का, किती दिवस ठेवणार, तुमच्या दुकानात दुपारचं ऊन येतं का, गरम असताना भरता का गार झाल्यावर. पोखर्णीला देवळाजवळ पेढे विकणारे एक गृहस्थ एकदा ह्या सरबत्तीने इतके बेजार झाले की म्हणाले, "मालक, पिशवी द्या अन् मोकळं करा. मला काय सोयरीक करायची न्हाई." साडू जागचे हलले नाहीत. म्हणाले, "सोयरीक मोडता येती. गरम पेढा हिच्यात कोंबला, घाम सुटून बुरशी आली, तर देवाच्या दारात तुमचं नाव जाईल त्याचं काय?" आणि स्वतःची पिशवी न विकता त्यांना शेजारच्या दुकानातून पुठ्ठ्याचे खोके घ्यायला लावले. तो शेजारी दर दिवाळीला साडूंच्या घरी मिठाई पाठवतो आणि ती कशात बांधावी याची त्याला धास्ती असते.

त्यांचा कान तर विचारूच नका. एका नातेवाइकाच्या दहाव्याला आम्ही सगळे खाली माना घालून बसलो होतो. मागे कुणीतरी रडक्या पोरासाठी हळूच बिस्किटाचा पुडा फोडला. साडूंचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर दुःख, आणि तशातच माझ्याकडे कलून कुजबुजले, "पुड्याला आतून चांदी हाय." कडकड वाजते ती पीपीची पिशवी, मुकाट बसते ती मऊ एलडीची, असं त्यांचं साधं शास्त्र. माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली आहे. मी एलडी. का, तर म्हणे, "माणूस मऊ हाय, कुटं बी बसतो. पण ह्यांच्यात काही ठेवलं की दुसऱ्या दिवशी गावभर वास." मला हे फार लागलं होतं. मी कितीतरी जणांना बोलून दाखवलं.

साडूंच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही सेलूकडे निघालो होतो, तेव्हाची गोष्ट. देवगाव फाट्यावर गाडी थांबवली. हॉटेलवाल्याने गाडीत बसलेल्या बायकांसाठी उकळता चहा पातळ पिशवीत ओतला, दोऱ्याने गाठ मारली आणि पुढे केला. साडूंनी ती पिशवी अशी काही परत केली की हॉटेलवाल्याला वाटलं, चहात पाल पडली. मग गाडीच्या डिकीतून त्यांनी स्वतःची स्टीलची किटली काढली. मी म्हटलं, "साडूभाऊ, दुकान प्लास्टिकचं अन् किटली स्टीलची?" म्हणाले, "म्हणूनच." पुढे मुलीच्या घरी आम्ही मुलगी बघत होतो आणि हे पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन बरण्या उलट्या करून बुडाखाली त्रिकोणात छापलेले प्लास्टिकच्या जातीचे आकडे बघत होते. बाहेर येऊन मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय, आमाला पसंत हाय. रंगाच्या बादलीतलं लोणचं तेवढं काचेच्या बरणीत काढा." लग्न झालं, सगळं आनंदात आहे, फक्त साडू येणार म्हटलं की ती विहीणबाई आजही स्वयंपाकघराला कडी लावते.

तर अशा माणसाच्या पदरी आमची आक्का पडलेली. आक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी. तिच्या हातची जवसाची चटणी खाल्ल्याशिवाय जवस हे नुसतं गुरांना घालायचं पीक नाही हे कळत नाही. मिक्सर तिला चालत नाही, उखळात कुटते. एका संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाली, "सगळ्या गावाचा माल तुमच्या पाकिटात गेला. माझ्या चटणीला एक पाकीट न्हाई का तुमच्याकडं, माझं नाव घातलेलं?" कृषी विद्यापीठाच्या मैदानावर प्रदर्शन भरतं, तिथे तिला स्टॉल मांडायचा होता. आयुष्यात नवऱ्याकडे तिने मागितलेली ही बहुधा पहिलीच वस्तू, आणि तीही त्याच्याच दुकानातली. दुसऱ्या कुणीही दुसऱ्या दिवशी काढून दिली असती.

साडूंनी परीक्षा मांडली. जवसाला तेल, तेलाला हवा लागली की खवटपणा, त्यात परभणीचा उन्हाळा. एलडीतून तेल पाझरलं. पीपीतून तेल नाही पण वास निसटला. जाड डब्यात चटणी टिकली, तर झाकणाचा त्यांना भरवसा वाटेना. चटणी भरलेली पाकिटं गच्चीवर उन्हात, स्कूटरच्या डिकीत, देवघरात, फ्रीजच्या डोक्यावर. एक उशीखाली ठेवलेलं आक्काने खिडकीतून बाहेर टाकलं. दर रविवारी आम्हा नवराबायकोला चव घ्यायला बोलावणं. खवट चटणी शांतपणे गिळून 'ठीक वाटतीय' म्हणायची सवय मला त्या उन्हाळ्यात लागली. ह्या सगळ्यात प्रदर्शन येऊन गेलंसुद्धा. आक्काने अबोला धरला. पुढचं प्रदर्शन जवळ आलं तेव्हा ती नवऱ्याशी नाही, माझ्याशी बोलली, पण त्यांना ऐकू जाईल असं. "औंदा न्हाई झालं तर उखळ मोडीत काढते. पुन्हा चटणीचं नाव घेणार न्हाई मी." आक्का बोलते ते करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

साडू घाबरले आणि त्यांनी जगातलं सगळ्यात भारी पाकीट मागवलं. तीन थरांचं, चंदेरी, हवा आत नाही की वास बाहेर नाही. त्यात पाणी भरून त्यांनी त्याच्यावर बसून बघितलं, फुटलं नाही. छापायची वेळ आली तेव्हा आक्काचं नाव घातलंच. पण त्यांचा जीव कशात, तर सूचनांत. म्हणून नावापेक्षा ठळक अक्षरांत 'कोरड्या व थंड जागी ठेवा', 'उन्हापासून दूर ठेवा', 'पाकीट फोडल्यावर लवकर वापरा' असं आलं. स्टॉल मिळाला तो एका बाजूला बियाणं आणि दुसऱ्या बाजूला फवारणीचे पंप, ह्यांच्या मधोमध.

पहिला शेतकरी जिंतूरकडचा. चंदेरी पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "एकरी किती लागतं हे?" दुसऱ्याने विचारलं, "हुमणी अळीवर चालतं का?" तिसऱ्याला जाणून घ्यायचं होतं की बियाला चोळायचं का पाण्यात कालवून मारायचं. पहिल्यांदा मी हसलो, आक्काही हसली. दुपार झाली. वास नाही, रूप नाही, आत काय आहे कुणाला कळायला मार्ग नाही. एक पाकीट खपलं नाही. चटणी हाय म्हणून सांगितलं तरी लोक हात मागे घ्यायचे. आक्का पाठ फिरवून कापडाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पदर डोळ्याला लावला. साडूंनी ते बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला मी बघितला नव्हता.

त्यांनी कात्री घेतली आणि आपल्या हाताने पाकिटाचं तोंड कापलं. मग दुसरं, मग तिसरं. जेवणाच्या डब्यातल्या ज्वारीच्या भाकरी काढल्या, डब्याच्या झाकणात चटणी ओतली, आणि भाजलेल्या जवसाचा, लसणाचा वास त्या पंपांच्या आणि बियाण्यांच्या गर्दीत सुटला. एकरीवाले काका परत आले. त्यांनी घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "घरी चौघं हाव. दोन द्या." पण बंद पाकीट घेईनात. "न्हाई, ह्या झाकणातलीच द्या." साडूंनी आत तेच आहे म्हणून शपथा घेतल्या, कुणी ऐकलं नाही. शेवटी माझ्या साडूंनी, तेल पितो म्हणून कागदाला उभ्या जन्मात शिव्या घातलेल्या माणसाने, शेजारच्या स्टॉलवरून रद्दी मागून आणली आणि संध्याकाळपर्यंत पुड्या बांधल्या. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट झाले होते. सगळा माल गेला.

परतताना रिक्षात आक्का रिकाम्या खोक्यांना धरून आमच्या मधे बसली होती. किती महिन्यांनी ती थेट नवऱ्याशी बोलली. "माझं नाव वाचलं का हो कुणी?"

"वाचलं न्हाई," साडू म्हणाले. "पण कुणाच्या हातची, म्हणून पत्येकानं इचारलं. मी तुझ्याकडं बोट केलं." आक्काने आपल्या पदराने त्यांच्या हाताचं तेल पुसलं. मी बाहेर बघितलं. एलडी असलो म्हणून काय झालं, एवढं मलाही कळतं.

आता आक्काची चटणी आरपार दिसणाऱ्या बरणीत, तिच्या ठळक नावाने पुण्यापर्यंत जाते. फक्त कुटते ती नाही. तिची मनगटं गेली. डॉक्टरांनी उखळ बंद केलं. बचत गटातल्या बायका यंत्रावर करतात, तिच्याच मापाने, तिच्याच देखरेखीखाली. चांगली असते. लोकांना फरक कळत नाही. साडूंना कळतो, पण ते आक्कासमोर बोटं चाटून खातात.

सगळा माल गेला म्हटलं खरं, पण त्या प्रदर्शनातलं एक चंदेरी पाकीट त्यांनी कापलं नव्हतं. ते त्यांच्या कपाटात आहे, कपड्यांच्या घडीखाली. परवा मी गेलो होतो तेव्हा आक्का म्हणाली, "फोडा की ते. खवट झालं असंल, टाकून तरी देऊ." साडू म्हणाले, "राहू दे."

मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा पाकीट त्यांच्या हातातच होतं. दोन बोटांनी कडा दाबून बघत होते. "पाहुणे," ते म्हणाले, "आत तिच्या हातचं कुटलेलं हाय. आता पुन्हा व्हायचं न्हाई तसलं. टिकलं असंल का हो?"

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "साडूभाऊ, हे लय भारी पाकीट हाय. ह्यातलं काही जात न्हाई."

प्लास्टिकमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी त्यांनी मान हलवली, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि आत गेले.