विट्याच्या बंगल्यातलं पिल्लू

माझ्या सासऱ्यांना सगळं पलूस नाथाजी फौजी म्हणतं. मी मामा म्हणते. आणि पिल्लांच्या दिवसांत मनातल्या मनात जे म्हणते, ते चार लोकांत सांगण्यासारखं नाही.

मामांची उभी नोकरी फौजेतल्या कुत्र्यांमागं गेली. इतर माणसं पेन्शनीत आली की ऊस बघतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात, नाहीतर पारावर बसून दुसऱ्याच्या सुनांची मापं काढतात. आमच्या मामांनी कारवानी कुत्री आणली. लांब तंगड्यांची, निमुळत्या तोंडाची, मैना नावाची. मैना व्याली की आमच्या घरात माणसांना दुसरं काही काम नसतं, असं मामांनी एकदा ठरवून टाकलंय.

त्यांचं टुमणं एकच. पिल्लू दुसऱ्याच्या घरी जायच्या आधी माणसाळलं पाहिजे. म्हणजे त्यानं कुकरची शिट्टी ऐकलेली पाहिजे, छत्री उघडताना बघितलेली पाहिजे, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारी म्हातारी, रडणारं पोर, सगळं बघून झालेलं पाहिजे. उसाचे दिवस आले की डालग्यात पिल्लं घालून मामा कारखान्याच्या रस्त्याला जाऊन बसतात. ट्रॅक्टर टेप लावून किंचाळत जातात आणि हे पिल्लांना समजावून सांगत असतात, "काय न्हाई रं, ऊस चाललाय." येणारे-जाणारे बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर चालवते. माझा नवरा वीरधवल फौजेत, जम्मूकडं. त्यामुळं ह्या छळवादात तो नाही. खुर्चीत गिऱ्हाईक, तिच्या तोंडाला काळा लेप, आणि मामा दारात पिल्लू घेऊन उभे.

"अंकिता, ते केस वाळवायचं मशीन जरा चालू कर की."

"आवं मामा, ह्यांचं फेशियल चाललंय."

"त्यांच्यासाठी न्हाई गं. ह्याला ऐकवायचाय आवाज."

आणि वर त्या बाईंना म्हणणार, "ताई, जरा ह्याच्याकडं बघा. तोंड असंच ऱ्हाऊ द्या." काळ्या तोंडाची बाई बघितलेलं पिल्लू पुढं कुणाला भीत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझी दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली त्यापायी. माझ्या सासूबाई, अंबूबाई, चुलीपुढून म्हणायच्या, "पोटचं पोरगं एवढं कवा कडेवर घेतलं न्हाई ह्या माणसानं."

यंदा मैनेला पाच पिल्लं झाली. चार धडधाकट, कुणाच्याही मांडीवर जाऊन झोपणारी. पाचवं बुजरं. भांडं पडलं की ते खाटेखाली, दार वाजलं की खाटेखाली. हात पुढं केला की थरथरायचं. आणि नेमकं तेच विसनखी निघालं. मागच्या पायांनाही अंगठ्याचं नख असलं की त्या कुत्र्याला आमच्याकडं विसनखी म्हणतात, आणि असलं कुत्रं लय तिखट निघतं, एकटं दहा चोरांना पुरतं, असा समस्त जनतेचा समज आहे. गिऱ्हाइकं यायची ती पिल्लाचं तोंड बघायच्या आधी पाय उचलून नखं बघायची. कुणी कान धरून उचलायचं, ओरडतंय का बघायला. मामा त्या माणसाला चहासुद्धा न देता वाटेला लावायचे.

"अंधारात बांधून ठेवतो आणि रोज मिरचीची भाकरी घालतो," एकानं अभिमानानं सांगितलं होतं. "परक्याचा हात लागू द्यायचा न्हाई अंगाला. मग बघा कसं फाडतंय." ह्या असल्या लोकांशी बोलून बोलून मामांचा घसा बसायचा. त्या बुजऱ्याला घेऊन तासन्‌तास पार्लरच्या कोपऱ्यात बसलेला म्हातारा बघून माझी चिडचिड व्हायची आणि वाईटही वाटायचं. हाताला ते पिल्लू येईचना. मग मामांनी हात लावायचं सोडलं आणि नुसतं बोलायला लागले. फौजेतल्या गोष्टी, उसाचा दर, काय वाटेल ते. आम्हा बायकांच्या कोपऱ्यात बसून तोंडाचा पट्टा सुरू. त्या आवाजाला मात्र ते हळूहळू बाहेर यायला लागलं. बोलणं थांबलं की तेही थांबायचं. एक दिवस ते येऊन माझ्या पायावर मान टाकून झोपलं. मी भुवया करत होते, दोरा तसाच हातात धरून उभी राहिले.

"आत्ता कुठं त्याला माणूस कळाय लागलंय," मामा त्या दिवशी म्हणाले. "आता त्याला भरलं घर मिळालं पाहिजे. एकटं पडलं तर संपलं ते."

घर त्यांनी बघूनही ठेवलं होतं. कुंडलच्या विजयमालाबाईंचं, सुना-नातवंडांनी भरलेलं. त्या बाई येऊन पिल्लाशी गप्पा मारून गेल्या होत्या. पोरीचं स्थळ ठरल्यासारखे मामा निवांत झाले होते. आणि तेवढ्यात धैर्यशील आला.

धैर्यशील म्हणजे मामांचा भाचा, विट्याला दिलेल्या बहिणीचा मुलगा. त्याचं कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. आई-वडील, बायको, पोरं, सगळी तिकडंच. विट्यात बंगला बांधलाय तो यात्रेला आणि दिवाळीला यायला. यात्रेला आला तसा मामाच्या पाया पडायला पलूसला आला, मिठाईचा मोठा डबा घेऊन. बसला नाही तोवर पिल्लाचा पाय उचलला.

"मामा, हे विसनखी हाय. हे मला पाहिजे."

"तुझ्या बंगल्यात असतंय कोण?"

"गुंडा येतोय की रोज झाडांना पाणी घालायला."

"आणि रात्री?"

"रात्री कोण नसतंय म्हणून तर कुत्रं पाहिजे, मामा."

मामांनी सांगून बघितलं. पिल्लू बुजरं आहे, दिलेलंय, पुढच्या खेपेचं देतो. धैर्यशीलनं कोईमतूरला आईला फोन लावून मामांच्या हाती दिला. तिकडनं मामांची बहीण म्हणाली, "दादा, भाचा कवा काय मागतोय का तुझ्याकडं? कुत्र्याच्या पिल्लासाठी न्हाई म्हणणार का त्याला?"

झालं. कान धरणाऱ्यांना, मिरचीवाल्यांना दारातनं हाकलणारा माणूस भाच्यापुढं गोगलगाय झाला. आमच्याकडं भाच्याला नाही म्हणायचं नसतं. मामांनी पिल्लाखालचं फडकं दिलं, गुंडानं रोज त्याच्याजवळ बसलं पाहिजे, बोललं पाहिजे, हे परत परत सांगितलं. "व्हय मामा, व्हय मामा," करत धैर्यशीलनं गाडीचं दार लावलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "ज्याला न्हाई म्हणायला पाहिजे त्यालाच तुमाला म्हणता येत न्हाई," मी तोंडावर बोलले. विजयमालाबाईंना फोन करायचं काम माझ्याच गळ्यात आलं.

दोनेक महिन्यांनी धैर्यशीलचा फोन आला. मामांनी सवयीनं स्पीकर लावला.

"मामा, तुमी कुत्रं पार बिघडवून दिलंय. गेटवर बसायचं सोडून दिवसभर पोर्चमधल्या कॅमेऱ्याखाली बसून असतंय. मला हिकडनं मोबाईलवर सगळं दिसतंय. त्यातनं बोलताबी येतंय. गेटवर जा म्हणून वरडलं की जायाचं न्हाई, उलट शेपटी हलवतंय."

मामांनी फोन ठेवला. टोपी घातली. "अंकिता, गाडी काढ."

त्या दिवशी माझ्याकडं नवरीचा मेकअप होता. तो मी दुसरीकडं दिला, चार शब्द ऐकून घेतले आणि वीरधवलची जुनी अल्टो काढली. विट्यापर्यंत मी धैर्यशील, त्याची आई, विसनखी म्हणणारी सगळी दुनिया आणि हे शेजारी बसलेलं ध्यान, सगळ्यांचा उद्धार करत होते.

गुंडा झाडांना पाणी घालत होता. गेटजवळ ताटलीत दूध-भाकरी ठेवलेली, तिच्यावर मुंग्या. मामा म्हणाले, "गुंडा, त्याच्याजवळ बसतोस का रं जरा?"

"न्हाई आवं, मालकांनी सांगितलंय, लाड करायचे न्हाईत. हात लावला तर कॅमेऱ्यात दिसतंय." तो बिचारा खरंच घाबरून बोलत होता.

मामांनी हाक मारली. पोर्चमधनं ते उठलं. केवढं वाढलं होतं, नुसते पाय आणि बरगड्या. एक क्षण बघितलं आणि सुटलं. मामांच्या अंगावर चढलं, टोपी पाडली, तोंड चाटलं, आनंदानं तिथंच मुतलं. मामा खाली फरशीवर बसले, त्याला छातीशी धरून. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, विसरलं नाही.

तेवढ्यात वरनं आवाज आला. "गुंडा, गेट का उघडलंस? कोण हाय ते?"

धैर्यशीलचा आवाज. कुत्रं मामांच्या हातातनं निसटलं. पळत पोर्चमध्ये गेलं, कॅमेऱ्याखाली बसलं आणि मान वर करून बघत राहिलं. शेपटी फरशीवर सपासप.

"हट. गेटवर जा. हट म्हणतो न्हवं." एकेका शब्दाला शेपटी जोरात.

"भाऊजी, मी अंकिता," मी म्हणाले. "मामाबी आलेत."

"बघितलं का वैनी? हेच म्हणत हुतो मी. न्या तुमी परत. आणि मामा, दुसरं बघून द्या एखादं, चांगलं तिखट."

मामांनी हाक मारली. कुत्र्यानं वळून बघितलं, कान पाडले, जागचं हललं नाही. परत वर बघायला लागलं. मामा जाऊन कॅमेऱ्याखाली उभे राहिले. ह्या माणसाला मी कधी कुणाची विनवणी करताना बघितलं नव्हतं.

"धैर्यशील, एक काम कर बाबा. तू बोलू नगंस जरा वेळ."

"का?"

"तू बोलाय लागलास की त्याला वाटतंय घरात कोणतरी हाय."

पलीकडं शांत झालं. गुंडानं नळ बंद केला. मामा पायरीवर बसून हलक्या आवाजात कुत्र्याशी बोलत राहिले, मैनेचं, पार्लरचं, घरचं. ते एक पाऊल पुढं आलं. मग दुसरं. मामांनी हात उघडून ठेवला होता.

"मामा, अजून तिथंच हाय का वो ते?" वरनं आवाज आला.

कुत्रं फिरलं आणि परत कॅमेऱ्याखाली जाऊन बसलं.

माझं डोकं सटकलं. पोर्चमधली खुर्ची ओढली, वर चढले आणि कॅमेऱ्याची वायर हिसडा देऊन उपटली. त्यातला लाल दिवा विझला. गुंडा "वैनी, वैनी" करत राहिला. मी खाली उतरले आणि कुत्र्याला उचलायला वाकले, तर ते माझ्यावर गुरगुरलं. दात दाखवून, अंगावरचे केस उभे करून. आमच्या घरात असताना एकदासुद्धा ते कुणावर गुरगुरलेलं नव्हतं.

मी हात मागं घेतला. मला रडू आलं आणि त्याचाच परत राग आला.

"रागावू नगंस त्याच्यावर," मामा म्हणाले. "त्याचं माणूस बंद केलंस तू."