दिवे लावले की फ्यूज उडायचा

ह्यांची बदली सीमेवर झाली. तिथे बायकामुलांना नेता येत नाही. तेव्हा मी आणि मुलीनं जयपुरात राहायचं की साताऱ्याला सासरी जायचं, हा प्रश्न घरात आला, आणि त्याच्या मागोमाग गाडीचं काय करायचं हाही. खरं तर दोन्ही प्रश्न एकच होते. मला मानसरोवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती, दुपारच्या पाळीत. हिवाळ्यात शाळा सुटेपर्यंत अंधार पडायचा. मानसरोवर तेव्हा नुकतं वसत होतं. रस्त्याला खांब होते पण दिवे नव्हते, आणि बस आली तर आली. आम्ही राहायचो मालवीय नगरात. गाडी नसेल तर नोकरी सोडावी लागणार होती, आणि नोकरी सुटली की सातारा ठरलेलाच.

गाडी जुनीच घेतलेली, सायीच्या रंगाची. छावणीच्या मैदानावर ह्यांनी मला ती शिकवली, म्हणजे शेजारी बसून हुकूम सोडले. मी एकदाची रस्त्यावर आले, आणि नेमकी त्याच दिवसांत गाडीला खोड लागली. दिवे लावून निघालं की थोडा वेळ सगळं ठीक, मग एखादा खड्डा लागला की फ्यूज उडायचा आणि सगळे दिवे गुल. नवा फ्यूज घातला की पुन्हा तेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. ह्यांनी निकाल देऊन टाकला, "तू दिव्याचं बटण फार जोरात ओढतेस."

मला इतका राग आला! मी वर्गात मुलांना काचेची नळी हाताळायला शिकवत होते आणि म्हणे बटण जोरात ओढते. मी म्हटलं, "मग तुम्ही चालवताना पण उडतो, तेव्हा कोण ओढतं?" त्यांनी विषय गाडी विकण्यावर नेला. जयपूरजवळच्या चौमूंचा एक व्यापारी गाडी बघून गेला होता. तो सोमवारी पैसे घेऊन येणार होता.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं सोपा उपाय सुचवला होता, "भाभीजी, फ्यूज की जगह मोटा तार डाल देते हैं, फिर कभी नहीं उड़ेगा।" ते नको, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं. फ्यूज जळतो म्हणून गाडी जळत नाही, हे ह्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

रविवारी सकाळी ह्यांनी अंगणात चादर अंथरली आणि डॅशबोर्ड उघडायला घेतला. सुरुवात कुठून? तर दिव्याच्या बटणापासून! मी चहाचा कप बॉनेटवर आपटला. म्हटलं, "एवढे फ्यूज जाळलेत, आता एक बल्ब द्या मला." फ्यूजच्या जागी मी दोन तारा जोडून इंडिकेटरचा सुटा बल्ब लावला आणि गाडीचे बाकी सगळे बल्ब काढून ठेवायला लावले. आता बटण सुरू केलं तरी विजेला जायला वाट नव्हती. तरीही माझा बल्ब पेटलाच, तर समजायचं की कुठेतरी तार पत्र्याला टेकते आहे. वर्गात हा प्रयोग मी डोळे मिटून करायचे.

बटण सुरू केलं. बल्ब विझलेलाच. ह्यांनी गाडी हलवली तसा तो लुकलुकला. मग ते एकेक तार हलवत चालले आणि मी बल्बसमोर बसून ओरडत राहिले. मागे काही नाही. डॅशबोर्डखाली काही नाही. बटण तर बिचारं एकदम निर्दोष. मग ते पुढच्या जाळीखाली आडवे झाले, आणि मी ओरडले, "लागला! अहो, लागला!"

ते सरपटत बाहेर आले. त्यांच्या हातात एक गंजकी बायंडिंगची तार होती, आणि तिच्यात झेंडूचं वाळकं फूल अडकलेलं होतं.

खंडेनवमीला आम्ही गाडीची पूजा केली होती. इथल्या वाऱ्यात दोऱ्याचा हार टिकत नाही म्हणून ह्यांनी तो तारेनं पुढच्या जाळीला बांधला, स्वतःच्या हातानं, मापात पीळ देऊन. फुलं सुकल्यावर हार काढला, पण पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून तार तिथेच राहू दिली. सातारकरांची काटकसर! ती तार दिव्याच्या तारेवर घासत घासत तिचं कातडं खाऊन बसली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हण गिळून टाकली. ते हळूच म्हणाले, "चूक तुझी निघाली असती तर बरं झालं असतं. गाडी विकली असती. तू साताऱ्याला असतीस, तर तिकडे मला झोप लागली असती."

इतके दिवस मी समजत होते की ह्यांचा माझ्या हातावर विश्वास नाही. मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आलाच, की हे आधी सांगायला काय झालं होतं?

सोललेल्या तारेला त्यांनी टेप गुंडाळली आणि चौमूंच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून निरोप धाडला. मुलगी नाचत आली, "पप्पा, मतलब गाडी आपलीच?"

"आपलीच," ते म्हणाले. "आई चालवणार."

जायच्या दिवशी तिन्हीसांजेला मीच त्यांना स्टेशनवर सोडलं. ट्रंक उतरवल्यावर ते गाडीपुढे जाऊन उभे राहिले. मला दिवे लावायला सांगितले. दोन्ही पेटले. दिव्यांच्या उजेडात ते क्षणभर हसले, मग ट्रंक उचलून गर्दीत शिरले.

येताना टोंक रोडवर खड्डे होतेच. प्रत्येक खड्ड्याला मी पुढच्या उजेडाकडे बघायचे. दिवे काही गेले नाहीत. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, नोकरी, गाडी, जयपूर. आणि मालवीय नगर येईपर्यंत मी मनात फ्यूजला एकच म्हणत होते, जा रे बाबा, उड एकदाचा, म्हणजे मला मागे फिरून त्यांना बोलावता येईल.