मुकी पट्टी

भोरमधल्या आमच्या पियानो मंडळाकडे एकच जुना पियानो आहे. त्याची मधली एक पट्टी मुकी होती. रविवारी कुणीही वाजवायला बसलं, की त्या पट्टीवर बोट पडताच ऐकणारे सगळे तेवढा सूर गुणगुणायचे. मी गुंजवण्याहून एसटीनं यायचे. आमचं जुनं शिवार धरणात गेलंय. डोळे मिटून वाजवताना वाटायचं, तो सूर त्या पाण्याखालूनच येतोय.

गेल्या महिन्यात पुण्याहून कारागीर आला आणि त्यानं पट्टी दुरुस्त केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्याचा असा राग आला, की मी चहासुद्धा विचारला नाही.

पुढच्या रविवारी मी वाजवायला बसले. त्या पट्टीवर बोट ठेवलं, सूर स्वच्छ उमटला. मी मागे वळून पाहिलं, तर सगळे नुसते ऐकत होते.